नावात अंडरस्कोअर कशाला?

पोस्टफिक्स हा जगभर वापरला जाणारा मेल सर्व्हर. वित्से व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना तो लिहिला, १९९८ साली तो बाहेर आला, आणि त्याचा मूळ कोड कुणालाही उघडून वाचता येतो. समोरच्या यंत्राने सांगितलेलं नाव नियमात बसतं की नाही, हे तपासणारा एक छोटासा भाग त्यात आहे. अक्षर आहे का? चालेल. अंक आहे का? चालेल. त्याच ओळीत अंडरस्कोअरलाही परवानगी दिलेली दिसते आणि तिच्या शेजारी, जिथे प्रोग्रामर खुलासा लिहितात तिथे, नुसती एक गुरगुर आहे: 'गर्र..'. नियमाला हे मान्य नाही, पण लोक ऐकत नाहीत, मग आम्ही तरी काय करणार, असा सगळा वैताग त्या एका उद्गारात आला आहे.

एक्झिम हा दुसरा नावाजलेला मेल सर्व्हर. फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात तो लिहिला. तो गुरगुरत बसत नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नावात अंडरस्कोअर दिसला की तो ५०१ हा आकडा तोंडावर फेकतो, म्हणजे 'तुझं बोलणं नियमाला धरून नाही', आणि संवाद तिथेच अडतो. चालवणाऱ्याला सूट द्यायचीच असेल तर तशी सोय आहे, पण ती आपणहून सुरू करावी लागते आणि माहितीपुस्तिकेतला तिचा उल्लेख 'फारच अडलं असेल तर' अशा सुरातला आहे.

आता समजा, एखाद्या कार्यालयाने नवा सर्व्हर घेतला आणि कुणीतरी त्याचं नाव 'मेल_पुणे' ठेवलं. (इथली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असतात.) दिवसभरात गेलेली बहुतेक पत्रं नीट पोहोचतात. काही मात्र परत येतात. ज्यांच्याकडे पोस्टफिक्स आहे त्यांना मिळाली, ज्यांच्याकडे कडक एक्झिम आहे त्यांनी परत लावली, हे पाठवणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. तो पासवर्ड बदलून पाहतो, इंटरनेट कंपनीला फोन करतो, पत्रातली जोडपत्रं काढून टाकतो. दोष नावातल्या एका आडव्या रेघेत आहे, हे शेवटी सुचतं.

दोन मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पहिलं वाक्य नमस्काराचं असतं. पाठवणारा म्हणतो 'एहलो' आणि पुढे स्वतःचं नाव सांगतो. जुन्या काळी 'हेलो' होतं. आज्ञा चार अक्षरांच्याच असायच्या म्हणून 'हॅलो'मधलं एक अक्षर गाळलेलं. पुढे सोयी वाढल्या तेव्हा पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल करून 'एहलो' झालं. या नमस्कारात नाव कसं असावं, हे ईमेलच्या वाहतुकीचा आजचा मुख्य नियम, म्हणजे ऑक्टोबर २००८ चा आरएफसी ५३२१, स्पष्ट सांगतो (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित कागद). नाव पूर्ण हवं: 'मेल' एवढंच चालत नाही, संपूर्ण डोमेनसकट लागतं. ज्या यंत्राला नावच नाही त्याने आपला आयपी पत्ता चौकोनी कंसात द्यावा. आणि नावात अक्षरं, अंक, हायफन आणि तुकडे जोडणारे टिंब एवढंच यावं. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट अक्षराने किंवा अंकाने व्हावा. रोमन २६ अक्षरं, १० अंक आणि १ हायफन अशी मोजकी ३७ चिन्हं. लहान-मोठ्या लिपीत फरक नाही. तुकडा म्हणून 'मेल-पुणे' चालतं, 'मेल_पुणे' चालत नाही, '-पुणे' चालत नाही, 'पुणे-' सुद्धा नाही.

या ३७ चिन्हांची गोष्ट ईमेलच्या आजच्या नियमांपेक्षा बरीच जुनी आहे. जानेवारी १९७४ मध्ये आरएफसी ६०८ हा दोन-चार पानांचा कागद निघाला. तेव्हा इंटरनेट नव्हतं, अर्पानेट होतं, आणि त्यावरच्या यंत्रांची यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. ते माहिती केंद्र एलिझाबेथ फाइनलर चालवत. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. नवं यंत्र जोडलं की त्यांच्या केंद्राला कळवायचं, ते यादीत नोंद करणार, आणि बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. आज आपण ज्याला डोमेन व्यवस्था म्हणतो तिचं काम तेव्हा ही एक फाइल आणि कार्यालयातली माणसं करत होती.

सगळ्यांची यंत्रं वेगळी, त्यामुळे नाव कुठल्याही यंत्रावर टाइप करता आलं पाहिजे आणि कुठल्याही यंत्राला वाचता आलं पाहिजे, एवढी तर किमान अट होतीच. आरएफसी ६०८ ने सांगितलं: नाव ४८ चिन्हांपर्यंत, सुरुवात अक्षराने, पुढे अक्षरं, अंक किंवा वजाचं चिन्ह, शेवटी मात्र वजा नको.

अंडरस्कोअर यात का नाही, हे कळायला त्या काळच्या टर्मिनलकडे पाहावं. टेलिटाइप मॉडेल ३३ हे तेव्हाचं घरोघरी नसलं तरी प्रयोगशाळोप्रयोगशाळी असलेलं यंत्र. त्यावर फक्त मोठी रोमन अक्षरं उमटत, म्हणून लहान-मोठ्यात फरक करायचा प्रश्नच नव्हता. आणि अॅस्की या संकेतावलीतल्या ९५ व्या जागेवर १९६३ च्या आवृत्तीत डावीकडे रोखलेला बाण होता. १९६७ च्या आवृत्तीत तो काढून तिथे अंडरस्कोअर आणला गेला. पण कागदावरचं मानक बदललं म्हणून खिळे बदलत नाहीत. त्यामुळे तोच संकेत एका टर्मिनलवर बाण म्हणून छापला जाई आणि दुसऱ्यावर रेघ म्हणून. ज्या चिन्हाचं रूपच पक्कं नाही ते यंत्राच्या नावात कोण घालील? हायफनला ही अडचण नव्हती. तो वजाबाकीसाठी सगळीकडे होता.

ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५२ ने हाच नियम पुन्हा लिहिला. लांबी आता २४ चिन्हांपर्यंत होती, एका अक्षराचं नाव बंद केलं, आणि हायफनला कामाला लावलं: दोन जाळ्यांना जोडणाऱ्या यंत्राच्या नावात हायफननंतर 'जीडब्ल्यू' असावं, म्हणजे नावावरूनच ते गेटवे आहे हे कळेल. या कागदावर सह्या करणाऱ्यांत फाइनलर होत्याच.

सुरुवात अक्षरानेच व्हावी हा नियम मात्र टिकला नाही. इथरनेटचे जनक बॉब मेटकाफ यांनी १९७९ मध्ये काढलेल्या कंपनीचं नाव होतं ३कॉम. नेटवर्कची यंत्रं विकणारी कंपनी, आणि नेटवर्कच्याच नियमाने तिचं नाव बेकायदा! कंपनीने डिसेंबर १९८६ मध्ये आपलं डोमेन घेऊनही टाकलं. ऑक्टोबर १९८९ मध्ये आलेल्या आरएफसी ११२३ ने पहिलं चिन्ह अंकही असू शकेल अशी मुभा दिली आणि लांबीची मर्यादाही वाढवली. आपल्याकडे घर शोधताना लोक ज्या ९९एकर्सवर जातात, तिचं नाव नियमात बसतं ते याच मुभेमुळे. एक काळजी मात्र घेतली गेली: नावाचा सगळ्यात शेवटचा तुकडा अक्षरांचाच राहील, म्हणजे चार अंकी तुकड्यांचा आयपी पत्ता आणि यंत्राचं नाव यांची गल्लत होणार नाही.

अंकांना प्रवेश मिळाला, अंडरस्कोअरला मिळाला नाही. तो प्रवेश मिळाला आहे असं मात्र अनेकांना वाटतं, आणि त्याचं कारण डोमेन व्यवस्थेत आहे.

यादीची फाइल फुगत गेली तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे डोमेन व्यवस्थेची, कल्पना मांडली. १९८७ मध्ये तिचे आजही चालू असलेले नियम आले: नावाचा एक तुकडा जास्तीत जास्त ६३ बाइटचा, पूर्ण नाव २५५ बाइटचं. तुकड्यात काय असावं याबद्दल मात्र डीएनएस उदार आहे. जुन्या नियमातली ३७ चिन्हं वापरलीत तर बरं, असा सल्ला तिथे आहे, सक्ती नाही. जुलै १९९७ च्या आरएफसी २१८१ ने तर हात झटकून सांगितलं की तुकड्यात कुठलेही बाइट येऊ शकतात, डीएनएसने त्यावर आडकाठी करू नये. त्या नावाचा उपयोग कशासाठी होणार आहे त्यावर त्याचे निर्बंध ठरतील.

सगळा घोळ इथे आहे. गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत कारकून काहीही लिहू शकतो, पण पासपोर्टवर छापायचं नाव पासपोर्टच्या नियमाने तपासलं जातं. डीएनएस ही वही आहे. 'मेल_पुणे' तिथे नोंदवता येतं, शोधलं तर सापडतं, पिंग केलं तर उत्तरही येतं. नोंद झाली म्हणजे ते होस्टनेम, म्हणजे यंत्राचं नियमात बसणारं नाव, झालं असं नव्हे. 'पण डीएनएसमध्ये चालतंय की' हा युक्तिवाद सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडून हमखास ऐकू येतो. तो खोटा नाही, फक्त प्रश्न दुसराच होता.

अंडरस्कोअर यंत्रांच्या नावांत शिरला तो मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट प्रोग्रामरची. प्रोग्राममध्ये हायफन म्हणजे वजाबाकी, म्हणून दोन शब्द जोडायला अंडरस्कोअर वापरायची बोटांना सवय. दुसरी वाट विंडोजची. कार्यालयातल्या संगणकांना विंडोजने दिलेली नेटबायोस नावं १५ चिन्हांपर्यंतची असत आणि त्यांत अंडरस्कोअर बिनदिक्कत चाले. आतल्या जाळ्यात कुणाला त्रास नव्हता. मग इंटरनेट आलं, तेच संगणक तीच नावं घेऊन बाहेर पडले आणि बाहेरचे नियम वेगळे निघाले. डीएनएस चालवणाऱ्या बाइंड या प्रोग्रामने १९९० च्या दशकातच नावं तपासायची सोय आणली. आजही बाइंडमध्ये मूळ नोंदीच्या फाइलमध्ये होस्टनेम म्हणून अंडरस्कोअरचं नाव घातलं तर ती फाइल नाकारली जाते. दुसऱ्याकडून आलेल्या प्रतीत असेल तर नुसता इशारा मिळतो. बाहेरून आलेल्या उत्तरात असेल तर दुर्लक्ष. आपल्या घरात कडक आणि पाहुण्यांशी सैल, हे मला पटतं.

आता या बंदीचा एक अनपेक्षित फायदा पाहा. होस्टनेममध्ये अंडरस्कोअर येत नाही, म्हणजे अंडरस्कोअरने सुरू होणारं नाव कुठल्याही खऱ्या यंत्राचं असू शकत नाही. म्हणजेच एक सगळी आळी रिकामी आहे, तिथे यंत्रं सोडून बाकीची माहिती ठेवता येईल. फेब्रुवारी २००० च्या आरएफसी २७८२ ने हे मुद्दाम केलं. अमुक डोमेनवर अमुक सेवा कुठल्या यंत्रावर आहे, हे सांगणाऱ्या नोंदींची नावं अंडरस्कोअरने सुरू करायची असं ठरलं, कारण मग ती कुणाच्या खऱ्या यंत्राच्या नावाशी भिडणार नाहीत. त्याच वर्षी आलेल्या विंडोज २००० च्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीने याचा सढळ वापर केला.

ईमेलने तर या आळीत बिऱ्हाडच थाटलं. पत्रावर डिजिटल सही करायची डीकिम ही पद्धत २००७ मध्ये प्रमाणित झाली. सही तपासायची किल्ली ठेवतात ती 'अंडरस्कोअर-डोमेनकी' या तुकड्याखाली. आमच्या नावाने आलेलं खोटं पत्र दिसलं तर काय करावं, हे जगाला सांगणारी डीमार्कची नोंद 'अंडरस्कोअर-डीमार्क' या नावाने असते. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर करून फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांप्रमाणे जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पत्रं पाठवणाऱ्यांना डीमार्कची नोंद लागतेच. मार्च २०१९ मध्ये डेव्ह क्रॉकर यांच्या आरएफसी ८५५२ ने या सगळ्या अंडरस्कोअर-नावांचं एक अधिकृत दप्तर सुरू केलं.

म्हणून 'डीमार्कच्या नावात अंडरस्कोअर चालतो, मग माझ्या सर्व्हरच्या नावात का नाही?' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तुमच्या सर्व्हरच्या नावात चालत नाही म्हणूनच डीमार्कच्या नावात चालतो.

या भांडणाचा निकाल शेवटी ईमेलवाल्यांनी लावला नाही, प्रमाणपत्रवाल्यांनी लावला. सर्व्हर-सर्व्हरमधला संवाद कुलूपबंद करायचा तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्रावर सर्व्हरचं नाव असतं. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंचात, म्हणजे सीए/ब्राउझर फोरममध्ये, नोव्हेंबर २०१८ मध्ये ठराव झाला. अंडरस्कोअर असलेली, ३० दिवसांहून जास्त मुदतीची प्रमाणपत्रं १५ जानेवारी २०१९ पूर्वी रद्द करायची आणि एप्रिल २०१९ नंतर असं एकही प्रमाणपत्र वापरात ठेवायचं नाही. तेव्हापासून 'मेल_पुणे'ला कुठल्याही सार्वजनिक संस्थेकडून प्रमाणपत्र मिळत नाही. पोस्टफिक्सने गुरगुरत का होईना आत घेतलं असतं, पण या दारात गुरगुर नाही, सरळ नकार आहे.

इथवरची सगळी गोष्ट 'ॲट द रेट'च्या उजव्या बाजूची झाली. डाव्या बाजूला वेगळंच राज्य आहे, आणि तिथे नेमकी उलटी चूक होते.

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये हे चिन्ह वापरून माणूस आणि यंत्र यांच्यात रेघ ओढली. उजवीकडचं नाव सगळ्या जगाला समजलं पाहिजे, कारण टपाल तिथपर्यंत न्यायचं आहे. डावीकडचं नाव फक्त त्या शेवटच्या यंत्राला समजलं तरी पुरे. मधल्या कुणीही त्याचा अर्थ लावायचा नाही, असा नियमच आहे. म्हणून डावीकडे मुभा मोठी. अक्षरं आणि अंकांखेरीज १९ खास चिन्हं तिथे चालतात: अंडरस्कोअर, अधिक, टक्का, उद्गारचिन्ह, तिरकी रेघ, महिरपी कंस, अगदी वरचा स्वल्पविरामसुद्धा. आयर्लंडकडच्या ओब्रायन मंडळींना तो आडनावातच लागतो. टिंब चालतं, पण सुरुवातीला, शेवटी किंवा दोन लागोपाठ नको. डावा भाग ६४ बाइटपर्यंत.

पूर्ण पत्त्याची कमाल लांबी किती, यावर तर मानकं लिहिणारेही एकदा घसरले. डावा भाग ६४, चिन्ह १, उजवा भाग २५५, एकूण ३२०, असं २००४ च्या आरएफसी ३६९६ मध्ये छापलं गेलं. ते लिहिणारे जॉन क्लेन्सिन म्हणजे आरएफसी ५३२१ चे संपादक, कुणी ऐरेगैरे नव्हेत. पण वाहतुकीच्या नियमात पत्ता कोनी कंसांसकट २५६ बाइटमध्ये बसावा लागतो. दोन कंस वजा केले की उरतात २५४. शुद्धिपत्र काढावं लागलं. तरी अनेक डेटाबेसमध्ये ईमेलचा रकाना आजही ३२० चा आखलेला सापडतो. त्याने बिघडत काही नाही.

बिघडतं ते उलट बाजूला. पत्त्यात अधिकचं चिन्ह टाकलं की 'कृपया वैध ईमेल पत्ता भरा' असं लाल अक्षरांत सांगणारे फॉर्म आपल्याकडे पैशाला पासरी आहेत. जीमेलसारख्या सेवा अधिकच्या पुढचा मजकूर सोडून पत्र मूळ खात्यात टाकतात, म्हणून वीजबिलासाठी एक, शाळेसाठी एक अशी खूण पत्त्यातच करता येते. फॉर्म लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याने कुठूनतरी एक तपासणीसूत्र उचललेलं असतं, त्यात त्याच्या मित्रांचे पत्ते बसले की काम झालं. मजा अशी की हेच सूत्र अनेकदा उजव्या बाजूला अंडरस्कोअर बिनबोभाट सोडतं. जिथे नियम सैल तिथे हे कडक, आणि जिथे नियम कडक तिथे सैल! सर्व्हरच्या नावात अंडरस्कोअर घालणाऱ्यापेक्षा मला हा फॉर्मवाला जास्त दोषी वाटतो. पहिला स्वतःची पत्रं अडवतो, दुसरा लोकांची.

उजव्या बाजूचं नाव पाठ करायची वेळ महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या इंटरनेटकरांवर आली होती. भारताचं '.इन' हे मे १९८९ मध्ये नोंदलं गेलं तेव्हा त्याची देखभाल मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. सेवेचं नाव गेटवे इंटरनेट अॅक्सेस सर्व्हिस, आद्याक्षरांनी 'गियास'. मुंबईच्या ग्राहकाचा पत्ता 'गियासबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन' असा संपायचा. म्हणजे गियास, बॉम्बे, यंत्र क्रमांक १. भेटीच्या कार्डावर अख्खं होस्टनेम छापलेलं असे. ते नियमात चोख बसणारं होतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. सुटसुटीत होतं असं कुणी म्हणणार नाही.

मराठी वाचकाचा पुढचा प्रश्न उघड आहे: ३७ रोमन चिन्हांत देवनागरी कुठे? उत्तर २००३ मध्ये आलं. जुना नियम मोडायचा नाही, त्याच्याच पोटात जगातल्या लिप्या बसवायच्या. प्युनीकोड या रीतीने देवनागरी नावाचं रूपांतर ३७ चिन्हांतल्याच एका अगम्य शब्दात होतं, आणि तो ओळखू यावा म्हणून पुढे 'एक्सएन' आणि दोन हायफन लागतात. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेलं '.भारत' हे देवनागरी डोमेन मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा अनेक भाषांसाठी आहे. डीएनएसला ते 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं दिसतं. टेलिटाइपच्या काळातल्या माणसालाही ते टाइप करता आलं असतं, अर्थ मात्र लागला नसता.

मराठीची एक खोच इथे अडली होती. 'दर्‍या' मधला अर्धा र आपण दोन प्रकारे टाइप करतो: र, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारं चिन्ह, किंवा ऱ आणि हलन्त. २००३ च्या नियमांत ते अदृश्य चिन्ह गाळलं जाई. परिणाम असा की डोंगरातल्या दऱ्यांचं नाव नोंदवायला जावं आणि हाती यावा समुद्र, 'दर्या'! ऑगस्ट २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर येणाऱ्या त्या चिन्हाला मान्यता दिली. तरी दिसायला एकच आणि आतून वेगळी अशी दोन नावं होऊ शकतात, आणि फसवणुकीला ते निमंत्रण आहे. डोमेन वाटणाऱ्यांनाच तिथे लक्ष ठेवावं लागतं.

डाव्या बाजूला मात्र प्युनीकोडची युक्ती लागू होत नाही. कारण वर आलंच आहे: डावीकडच्या नावाचा अर्थ शेवटच्या यंत्राशिवाय कुणी लावायचा नाही, मग त्याचं रूपांतर तरी मध्येच कोण करणार? म्हणून फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५३१ ने दुसरा मार्ग धरला. पत्ता युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संकेतावलीत, न्यायचा, आणि वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने नमस्काराच्या उत्तरात 'मला हे जमतं' असं आधी सांगायचं. जीमेलने ऑगस्ट २०१४ मध्ये असे पत्ते स्वीकारायला सुरुवात केली, पोस्टफिक्सने फेब्रुवारी २०१५ च्या ३.० आवृत्तीत. वाटेतल्या एखाद्याला जरी जमत नसेल तरी पत्र परत येतं. मराठी पत्ता आजही सर्रास वापरता येत नाही याचं हे एक कारण, आणि ते लाल अक्षरांतले फॉर्म हे दुसरं.

गंमत म्हणजे या नव्या नियमातही 'एहलो' म्हणताना सर्व्हरने आपलं नाव प्युनीकोडच्या रूपातच सांगायचं आहे. समोरच्याला युनिकोड कळतं की नाही, हे नमस्काराच्या क्षणी ठाऊकच नसतं. तेव्हा पूर्ण देवनागरी डोमेन घेतलेला सर्व्हरसुद्धा ओळख करून देतो ती १९७४ च्या मुळाक्षरांतच.

समोरच्याची चूक पोटात घालावी आणि स्वतः मात्र चोख वागावं, ही जॉन पोस्टेल यांची शिकवण इंटरनेटच्या मंडळींनी १९८० पासून जपली. १९८२ चा ईमेल वाहतुकीचा नियमही पोस्टेल यांचाच. अलीकडे तिच्यावर टीका होते. जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ चा रोख असा की चुका पोटात घालत राहिलं तर त्या कायमच्या ठाण मांडतात, मग नवीन येणाऱ्यालाही त्या सोसाव्या लागतात. अंडरस्कोअरकडे पाहता टीका खरी वाटते. पोस्टफिक्समधली ती गुरगुर म्हणजे ठाण मांडलेली चूकच आहे. तरीही पत्र स्वीकारताना मी व्हेनेमांच्या बाजूचा आहे. नावातल्या एका रेघेपायी कुणाचं रुग्णालयाचं किंवा न्यायालयाचं पत्र अडावं, एवढं मोल त्या नियमाला नाही. आरएफसी ५३२१ देखील म्हणतो की सांगितलेलं नाव आणि आयपी पत्ता जुळत नाही एवढ्याच कारणाने पत्र नाकारू नका. प्रत्यक्षात मात्र मोठ्या सेवा आयपीवरून नाव आणि नावावरून आयपी अशी दुहेरी नोंद मागतात आणि ती नसेल तर पत्र अडवतात. त्यांच्यापुढे नियमाचं पुस्तक नाचवून उपयोग नसतो.

तेव्हा सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी एवढं करावं. नाव अक्षरं, अंक आणि हायफन यांतच बसवा. तिसऱ्या आणि चौथ्या जागी लागोपाठ दोन हायफन नकोत, ती जागा प्युनीकोडसारख्या रूपांतरांसाठी राखलेली आहे. अंडरस्कोअर आधीच असेल तर नवं नाव डीएनएसमध्ये घाला, आयपीची उलटी नोंद इंटरनेट कंपनीकडून त्या नावावर करून घ्या, एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनची पत्रं कुठल्या सर्व्हरकडे जावीत हे सांगणारी नोंद, नव्या नावाकडे वळवा आणि मेल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'एहलो'चं नाव बदला. एमएक्स नोंद टोपणनावाकडे, म्हणजे सीनेमकडे, रोखू नका; तेही नियमाबाहेर आहे. जुनं नाव काही दिवस तसंच राहू द्या, मग काढून टाका. डीमार्क आणि डीकिमच्या नोंदींतले अंडरस्कोअर मात्र चुकूनही पुसू नका. ते तिथेच हवेत.